आंरी मातीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रांवर गप्पा सुरू झाल्या की आंरी मातीस या फ्रेंच चित्रकारापाशी गाडी हमखास अडते. पिकासो समजला नाही तरी लोक मान डोलावतात. मातीस मात्र 'इतका सोपा' दिसतो की त्याचं नाव एवढं मोठं का, हेच कळत नाही. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाव नक्की काय? मॅटिस, मातीस की मातिसे?

मातीस. शेवटचा 'स' उच्चारायचा आणि तिथेच थांबायचं. पहिलं नाव आंरी, कारण फ्रेंच लोक सुरुवातीचा 'ह' गिळतात. मराठीत 'हेन्री मॅटिस' इतकं रुळलंय की कुणी तसं म्हटलं तर दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. 'मातिसे' मात्र नको.

२. त्याचं आयुष्य थोडक्यात सांगाल का?

जन्म ३१ डिसेंबर १८६९, उत्तर फ्रान्समधल्या ले कातो-कांब्रेझी या गावी. बालपण जवळच्याच बोएँमध्ये गेलं. हे विणकरांचं गाव, उंची कापडासाठी नावाजलेलं. वडिलांचं बियाण्यांचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यातली रंगांची बाजू आई सांभाळायची. गिऱ्हाइकाला भिंतीला कुठला रंग शोभेल हे सांगणारी आई आणि गावभर रंगीत कापड! पुढे त्याच्या चित्रांत पडदे, गालिचे आणि नक्षीदार टेबलक्लॉथ इतके का येतात, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

वकिलीचं शिक्षण, मग चित्रकला, १९०५ मध्ये गाजावाजा, १९१७ पासून बराचसा मुक्काम दक्षिणेला नीसमध्ये, १९४१ मध्ये जिवावरचं ऑपरेशन आणि त्यानंतर कागद कापून केलेली चित्रं. मृत्यू नीसमध्येच, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी.

३. वकील व्हायला निघालेला माणूस चित्रकार कसा झाला?

पोटदुखीमुळे. पॅरिसमध्ये कायद्याची परीक्षा पास होऊन तो सां-कांतँ इथे एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी करत होता. १८९० च्या सुमारास आतड्याच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. वेळ जावा म्हणून आईने रंगाची पेटी आणून दिली. वय वीस. तोवर त्याने चित्रकार व्हायचं मनातही आणलं नव्हतं.

वडील हादरले. तरी १८९१ मध्ये पोरगा पॅरिसला गेला, पण सरकारी कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. मग गुस्ताव मोरो या शिक्षकाने त्याला आपल्या स्टुडिओत घेतलं. मोरो स्वतः पुराणकथांची सोनेरी चित्रं काढायचा, पण विद्यार्थ्यांना म्हणायचा लुव्रमध्ये जा आणि जुन्यांच्या नकला करा. मातीसने वर्षानुवर्षं त्या केल्या. 'याला रेखाटन येतच नव्हतं' असं म्हणणाऱ्यांनी त्या एकदा पाहाव्यात.

४. 'फोव्ह' म्हणजे काय? ती संघटना होती का?

फोव्ह म्हणजे जंगली श्वापद. संघटना नव्हती, जाहीरनामाही नव्हता. १९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि त्याच्याहून तरुण आंद्रे देराँ स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिऊर या मासेमारीच्या गावात रंगवत बसले. तिथलं ऊन असं की सावलीसुद्धा काळी दिसेना. मग त्यांनी सावली काळी रंगवायचं सोडूनच दिलं. झाडाचं खोड लाल, समुद्र गुलाबी, आणि मधे कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला.

त्या शरद ऋतूत पॅरिसच्या 'सालों दोतोन' या प्रदर्शनात ही चित्रं एका दालनात लागली. त्याच दालनात मधोमध जुन्या इटालियन वळणाचं एक शिल्प ठेवलेलं होतं. लुई व्होक्सेल या समीक्षकाने लिहिलं की हा तर श्वापदांच्या गराड्यात सापडलेला दोनातेल्लो! टोमणाच होता, पण चिकटला. दोन-तीन वर्षांत जो तो आपापल्या वाटेने गेला.

५. त्याने बायकोचा चेहरा हिरवा का रंगवला?

हे दोन वेगळ्या चित्रांबद्दल विचारलं जातं. दोन्ही १९०५ चीच, दोन्हीत बायको अमेलीच.

'टोपी घातलेली स्त्री' आता सॅन फ्रान्सिस्कोत आहे. प्रदर्शनात लोक याच्यासमोर उभे राहून हसत. अमेरिकेहून येऊन पॅरिसमध्ये राहिलेल्या स्टाइन भावंडांनी ते ५०० फ्रँकना घेतलं आणि मातीसच्या घरात पैसा यायला लागला.

'हिरवी रेघ' कोपनहेगनमध्ये आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा, एक गाल गुलाबी, दुसरा पिवळसर. यात चेष्टा नाही. चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि एक सावलीत दाखवायला शाळेत तपकिरी छटा लावायला शिकवतात. मातीसने तेच काम रंगांवर सोपवलं. एक बाजू गार, एक ऊबदार, मधे हिरवी सीमा. चित्राचा फोटो मोबाइलवर घेऊन कृष्णधवल करून बघा, चेहरा नीट उठावदार दिसतो.

६. सुरुवातीच्या काळात घर कोण चालवत होतं?

अमेली. लग्न १८९८ चं. मातीसला आधीच्या नात्यातून मार्गरीत नावाची मुलगी होती. अमेलीने तिला आपलीच मानून वाढवलं. पुढे जां आणि पिएर हे दोन मुलगे झाले. अमेलीने टोप्यांचं दुकान काढलं आणि त्यावर घर चालवलं. १८९९ मध्ये मातीसने सेझान या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराचं 'स्नान करणाऱ्या तिघी' हे छोटं चित्र ऐपत नसताना विकत घेतलं. त्या पायी अमेलीची पाचूची अंगठी गहाण पडली ती पडलीच. उपाशी राहायची वेळ आली तरी चित्र विकलं नाही. १९३६ मध्ये पॅरिस शहराच्या संग्रहालयाला ते भेट दिलं.

१९०२ मध्ये आणखी एक संकट आलं. अमेलीचे आईवडील ज्या अंबेर कुटुंबाकडे कामाला होते, त्यांची कोट्यवधींची वारसाहक्काची बढाई खोटी निघाली. देशभर बोभाटा झाला आणि सासऱ्यांना अटक झाली. त्यांचा हात यात नव्हता, तेही फसलेलेच होते. त्यांना सोडवण्याच्या खटपटीत जावयाची वकिली पहिल्यांदा आणि शेवटची उपयोगी पडली.

७. 'डान्स' हे चित्र न्यूयॉर्कला आहे की रशियात? माझ्याकडचं प्रिंट कुठलं?

दोन्हीकडे आहे, आणि आणखीही दोन ठिकाणी. हा गोंधळ रास्तच आहे.

न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९०९ चं आहे. अंग फिकट गुलाबी, एकूण भाव सौम्य. तो कच्चा मसुदा म्हणता येईल. पक्कं चित्र १९१० चं, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात. त्यातली अंगं विटेसारखी लाल आणि नाच जोरकस. प्रिंटमधली माणसं लालबुंद असतील तर तुमचं रशियाचं. दोन्हींत एक गोष्ट बघा. पुढच्या दोघांचे हात सुटलेले आहेत. डावीकडची आकृती मागे हात टाकते आणि पुढची वाकून तो पकडायला झेपावते. बोटांमध्ये जरासं अंतर उरलंय. सगळ्या चित्राची गती त्या फटीत आहे. हे लक्षात आल्यावर बाकीचे तिघे फक्त साथीला असल्यासारखे वाटतात.

तिसरं 'डान्स' अमेरिकेतल्या अल्बर्ट बार्न्सच्या संग्रहासाठी, तीन कमानींखालच्या भिंतीवर बसवायचं होतं. १९३० ते ३३ त्यात गेली. मधेच कळलं की मापंच चुकली आहेत! दुरुस्ती करत न बसता मातीसने नवं चित्र सुरू केलं. चुकलेल्या मापाचं आता पॅरिसला आहे, आणि त्याच्याही आधीचा अर्धवट सोडलेला प्रयत्नही तिथेच आहे.

८. मातीसची इतकी महत्त्वाची चित्रं रशियात कशी गेली?

सर्गेई श्चूकिन या मॉस्कोच्या कापड-व्यापाऱ्यामुळे. फ्रान्समध्ये लोक हसत होते तेव्हा हा माणूस वाड्याच्या जिन्यासाठी ९ बाय १३ फुटांचे उघडेनागडे नाचणारे मागवत होता. 'डान्स' आणि त्याचा जोडीदार 'संगीत' पाहून तोही एकदा डगमगला, पाहुणे काय म्हणतील म्हणून. मग मॉस्कोला परतताना विचार बदलला आणि चित्रं पाठवा असं कळवलं. क्रांतीनंतर १९१८ मध्ये संग्रह सरकारजमा झाला आणि १९४८ मध्ये मॉस्को आणि तेव्हाचं लेनिनग्राड यांच्यात वाटला गेला. श्चूकिन पॅरिसला निघून गेला होता, तिथेच वारला.

९. 'लाल खोली' आणि 'लाल स्टुडिओ' एकच ना?

नाही. परीक्षेत हमखास चुकतं.

'लाल खोली' १९०८ ची. जेवणाचं टेबल, फळं मांडणारी बाई आणि खिडकी. टेबलक्लॉथची निळी वेलबुट्टी तशीच भिंतीवर चढलेली. श्चूकिनने निळं चित्र म्हणून मागवलं होतं, मातीसने ते निळं करून मग लाल करून टाकलं.

'लाल स्टुडिओ' १९११ चा. त्याचा स्वतःचा, पॅरिसबाहेरच्या इसी गावातला. हा श्चूकिनने नाकारला. पुढे तो काही वर्षं लंडनमधल्या एका नाइटक्लबच्या भिंतीवर होता. १९४९ मध्ये 'मोमा'ने घेतला. संशोधकांनी तपासलं तेव्हा लालच्या खाली निळ्या भिंती, गुलाबी जमीन आणि पिवळसर सामान निघालं. म्हणजे चित्र जवळजवळ झालेलं असताना त्याने सगळ्यावर लाल फिरवला. टेबल-खुर्च्यांच्या पिवळ्या रेघा काढलेल्या नाहीत, लाल लावताना तेवढी जागा सोडली आहे. मधल्या उभ्या घड्याळाला काटे नाहीत.

१०. पिकासो आणि मातीस मित्र होते की वैरी?

एकमेकांचे सगळ्यात जाणते प्रेक्षक. ओळख १९०६ ची. मातीस बारा वर्षांनी मोठा, कोट घालणारा, मास्तरांसारखा बोलणारा. १९०७ मध्ये दोघांनी चित्रांची अदलाबदल केली. मातीसने दिलेलं मार्गरीतचं चित्र पिकासोने शेवटपर्यंत जपलं. टोमणे दोन्हीकडून चालायचे, पण दोघांचं नवं काम दुसऱ्याने बघितल्याशिवाय राहायचं नाही. मातीस गेल्यावर काही आठवड्यांतच पिकासोने अल्जीरियन स्त्रियांची चित्रमालिका सुरू केली. मातीसने आपल्यासाठी त्या मागे ठेवल्या, अशा अर्थाचं तो म्हणायचा. श्रद्धांजलीचा याहून पिकासो-छाप प्रकार सुचत नाही.

११. त्याची चित्रं नुसती सजावटीची आहेत, हा आक्षेप खरा का?

हा आक्षेप त्याने स्वतःच ओढवून घेतला. १९०८ च्या एका लेखात त्याने लिहिलं की चित्राने थकल्या माणसाला चांगल्या आरामखुर्चीसारखा विसावा द्यावा. लोकांनी लेख सोडला आणि खुर्ची धरली.

माझं मत विचाराल तर नीसमधल्या १९२० च्या दशकातल्या 'ओदालिस्क' (जनानखान्यातली बाई) चित्रांबाबत आक्षेपात तथ्य आहे. हॉटेलच्या किंवा भाड्याच्या खोलीत पडदे लावायचे, फ्रेंच मॉडेलला सैल पायजमा घालून गादीवर लोळवायचं आणि 'पौर्वात्य' म्हणायचं. १९१२-१३ मधल्या मोरोक्कोच्या दोन प्रवासांत केलेली चित्रं यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहेत. पण १९१४ ते १७ ची राखाडी-काळी, कठोर चित्रं पाहिली की 'आरामखुर्ची' हा शब्द तोंडातून निघत नाही.

१२. असं तर माझी पाच वर्षांची मुलगीही काढेल. यात काय मोठं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

बॉल्टिमोरला 'गुलाबी नग्निका' नावाचं चित्र आहे, १९३५ चं. साधारण दोन फूट बाय तीन फूट. गुलाबी देह, निळ्या-पांढऱ्या चौकटी, बस. सकाळी सुरू करून जेवायच्या आत संपवल्यासारखं दिसतं. त्याला मे ते ऑक्टोबर लागले. रोजचं काम पटलं नाही की टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. मधल्या टप्प्यांचे २२ फोटो काढून ठेवलेले आहेत. पहिल्या फोटोत साधी कोचावर पहुडलेली बाई आहे, खोलीत खोली आहे, खुर्चीवर फुलं आहेत. मग खुर्ची जाते. कोच सपाट होतो. पाय लांबतो, परत आखडतो. हात वाढत वाढत चौकटीच्या कडेला टेकतो. बदल करून बघायला त्याने रंगीत कागदाचे तुकडे कापून कॅनव्हासवर टाचले (ही युक्ती लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल). शेवटी जे उरलं ते आपल्याला सोपं वाटतं.

तुमची मुलगी सुंदर काढत असेल, तिला काढू द्या. पण ती एकच चित्र सहा महिने पुसत बसणार नाही. बसूही नये.

१३. हात थरथरत होते म्हणून तो कातरकामाकडे वळला, खरं का?

अर्धंमुर्धं. जानेवारी १९४१ मध्ये ल्याँला आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. नंतरच्या गुंतागुंतीतून तो कसाबसा वाचला, पण पोटाचे स्नायू कायमचे दुबळे झाले. चित्रफलकासमोर फार वेळ उभं राहता येईना. बराच वेळ पलंगावर किंवा चाकाच्या खुर्चीत जाई. हात मात्र शाबूत होते. कागद कापणं तर त्याने बार्न्सच्या भिंतीसाठी (प्रश्न ७) दहा वर्षं आधीच सुरू केलं होतं. तेव्हा ते साधन होतं, आजारपणानंतर तेच चित्र झालं. शिवाय १९४८ पर्यंत तो झपाट्याने तैलचित्रंही करत होता.

काम असं चाले: मदतनीस मुली पांढऱ्या कागदावर गुआश या अपारदर्शक पाणरंगाचे सपाट हात देत. कागद वाळला की मातीस मोठी कात्री घेऊन थेट कापायला लागे, पेन्सिलने आखून नाही. कागद हवेत धरायचा आणि कात्री उघडी ठेवून सरकवायची. साडीच्या दुकानात कापड फाडताना जो सर्रकन आवाज येतो, तसं काहीसं. मग तो तुकडा मुली त्याच्या सांगण्यावरून भिंतीवर टाचणीने लावत. जरा वर. डावीकडे. नको, काढ. असं दिवसेंदिवस. म्हणून मूळ कातरचित्रं जवळून पाहिली तर टाचण्यांची भोकं दिसतात. १९५३ चं 'गोगलगाय' तर साडेनऊ फुटांचं आहे.

'जॅझ' हे पुस्तक १९४७ चं. २० रंगीत चित्रं, मधे त्याच्या हस्ताक्षरातला मजकूर. संगीताशी नावापुरताच संबंध. चित्रं सर्कशीची आणि आठवणींची.

१४. युद्धाच्या काळात तो काय करत होता?

पहिल्या युद्धात भरती व्हायला गेला, वय ४४, नाकारला. आई जर्मनांच्या ताब्यातल्या गावात अडकली, भाऊ कैदेत. गावच्या कैद्यांना खाण्याचे डबे पाठवण्यासाठी त्याने आपली छापचित्रं विकली.

दुसऱ्या युद्धात ब्राझीलचा व्हिसा हातात असून देश सोडला नाही. 'बाहेर कत्तल आणि हा फुलं काढतोय' असं लोक म्हणतात. घरातलं चित्र वेगळं होतं. विभक्त झालेली अमेली आणि मार्गरीत प्रतिकार चळवळीत होत्या. १९४४ मध्ये दोघींना गेस्टापोने पकडलं. अमेली सहा महिने तुरुंगात राहिली. मार्गरीतचा छळ झाला आणि तिला रेव्हन्सब्रुकच्या छळछावणीकडे नेणाऱ्या गाडीत टाकलं. सीमेच्या अलीकडे ती निसटली. तिची हकिगत ऐकल्यावर म्हाताऱ्याने तिची चित्रं काढली. ती बघून मग फुलांविषयी बोलावं.

१५. लिडिया कोण? तिच्यामुळे संसार मोडला का?

लिडिया देलेक्तोर्स्काया, सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये जन्मलेली अनाथ निर्वासित. १९३२ मध्ये बार्न्सच्या कामात मदतनीस म्हणून आली, मग आजारी अमेलीची शुश्रूषा, मग मॉडेल ('गुलाबी नग्निका' तीच), मग चिटणीस आणि सगळा कारभार. अमेलीने 'ती किंवा मी' म्हटलं. लिडियाला काढलं, तरी १९३९ मध्ये अमेली गेलीच आणि लिडिया परत आली. शारीरिक संबंध होते का, हा तुमचा पुढचा प्रश्न. लिडियाने नाही म्हटलं, मी तिच्यावर विश्वास ठेवतो. मिळालेली चित्रं तिने सोव्हिएत संग्रहालयांना देऊन टाकली.

१६. धर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या माणसाने चॅपेल का बांधलं?

एका नर्सपायी. १९४२ मध्ये मोनिक बुर्जुआ ही मुलगी त्याच्या शुश्रूषेला होती. पुढे ती डोमिनिकन जोगीण झाली, सिस्टर झाक-मारी, आणि योगायोगाने नीसजवळच्या वाँस गावात त्याच्या शेजारीच आली. त्यांच्या मठाला प्रार्थनाघर हवं होतं. मातीसने चार वर्षं घातली. खिडक्यांच्या काचा पिवळ्या, हिरव्या, निळ्या. तांबडा कुठेच नाही. पांढऱ्या टाइल्सवर काळी रेखाचित्रं. लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून त्याने भिंतीवर आखणी केली. पुजाऱ्यांचे झगेही त्यानेच कातरून ठरवले. कम्युनिस्ट पिकासो भडकला, मंडई का नाही रंगवत म्हणाला. २५ जून १९५१ ला चॅपेलचं लोकार्पण झालं, तेव्हा तब्येतीमुळे मातीस जाऊ शकला नाही.

१७. त्याचं चित्र संग्रहालयात उलटं टांगलं होतं म्हणे?

हो. १९६१ मध्ये 'मोमा'त 'नाव' हे कातरचित्र ४७ दिवस उलटं होतं. शीड आणि पाण्यातलं प्रतिबिंब यांची अदलाबदल झाली. लाखाच्या वर लोक बघून गेले. कुणा अधिकाऱ्याच्या नाही, एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं.

१८. मुंबईच्या चित्रकारांवर त्याचा प्रभाव होता का?

होता, पण छापील चित्रांतून आणि इतर अनेकांच्या बरोबरीने. चाळीसच्या दशकात वॉल्टर लँगहॅमरसारखे युरोपातून आलेले रसिक मुंबईत तरुण चित्रकारांना घरी बोलावून युरोपीय चित्रांच्या प्रती दाखवत. १९४७ च्या 'प्रोग्रेसिव्ह' या मुंबईच्या चित्रकारांच्या ग्रुपची मंडळी त्यातच घडली. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले तेव्हा मातीस हयात होता. पण 'रझांचा बिंदू मातीसकडून आला' वगैरे ओढूनताणून आहे. रझांना सेझानकडे बघायचा सल्ला काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने दिला होता. मातीसची मुळंही सेझानमध्येच (अंगठीची गोष्ट, प्रश्न ६). एका विहिरीवर दोघांनी पाणी भरलं, एवढंच म्हणावं.

१९. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर मातीसचं चित्र छापता येईल का?

भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे मातीसचा २०१४ अखेर संपला. फ्रान्समध्ये ७० वर्षं, २०२४ अखेर. अमेरिकेत प्रकाशनाच्या वर्षावर हिशेब असल्याने उशिराची कातरचित्रं तिथे अजून अडकलेली असू शकतात. अंक तिकडे विकणार असाल तर आधी वकिलाला विचारा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून फोटो उतरवून घेणार असाल तर त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. आणि कृपया चित्र कापून त्यावर अंकाचं नाव छापू नका.

२०. फ्रान्सला जाणार आहोत, दोनच दिवस आहेत. कुठे बघू?

नीसला उतरा. पहिला दिवस सिमिएच्या टेकडीवरचं मातीस संग्रहालय. जवळच्याच स्मशानात त्याची कबर आहे. दुसऱ्या दिवशी बसने वाँसचं चॅपेल (प्रश्न १६). जाण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा, ते रोज उघडं नसतं. शक्य असेल तर हिवाळ्यात जा आणि सकाळी अकराच्या सुमारास आत बसा. सूर्य खाली असतो, काचांचा पिवळा-निळा उजेड जमिनीवरून सरकत भिंतीवरच्या काळ्या रेषांपर्यंत येतो. फोटो काढू देतील-न देतील, पण बसायला बाक आहेत.